नावेवर गाडा, गाड्यावर नाव आणि मधली जमीन

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : कधी नावेवर गाडा, तर कधी गाड्यावर नाव. दिवस पालटतात, आज जो दुसऱ्याला वाहून नेतो त्यालाच उद्या दुसरा कोणीतरी वाहून नेतो, असा अर्थ शाळेत सांगतात आणि विषय संपतो.

मी सोलापूरचा. तेही नदीकाठचा नाही, गिरणीच्या चाळीतला. त्यामुळे असेल, पण ही म्हण मला कायम अर्धवट वाटत आली. नाव गाड्यावर चढली, इथवर ठीक. पण मग ती खाली कोणी उतरवली? गाड्याची उंची कमरेएवढी, नाव चार-सहा माणसांना न उचलणारी, आणि खाली दगड. पाणी अजून दोन शेत पलीकडे. म्हणीला या मधल्या पाच-दहा मिनिटांशी काही देणंघेणं नाही. नाव पाण्यात असताना बुडू शकते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तिथे सगळे जपून असतात. जमिनीवर मात्र ‘आता काय, पोचलोच’ असं वाटतं, आणि बोटं चिरडतात, पाय मोडतात, नावेचा तळ तडकतो तो नेमका तिथेच.

ही मधली पाच-दहा मिनिटं मी गेली काही वर्षं इतिहासात शोधतोय. समुद्रापासून इतक्या लांबच्या जिल्ह्यात ती जागोजागी सापडतात.

कोकणात समुद्र मदतीला असतो

आधी एक साधी गोष्ट. कोकणातल्या माणसाला नाव उतरवायचा प्रश्न पडतो, पण त्याच्या मदतीला दिवसातून दोनदा भरती येते. होडी ओहोटीच्या वेळी वाळूवर टेकते, भरती आली की आपोआप उचलली जाते. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. अशा गोदीचं गणितच भरती-ओहोटीवर बसवलेलं असतं. पाणी आत घ्यायचं, जहाज आणायचं, पाणी गेलं की जहाज कोरड्यावर टेकतं. उचलायचं काम चंद्राकडे.

आज ज्यांच्याकडे ट्रेलरवरची बोट आहे तेही हेच करतात. उतारावरून ट्रेलर उलटा पाण्यात घालायचा, बोट तरंगली की ट्रेलर बाहेर काढायचा. वजन पाणी घेतं, माणसाला फक्त दिशा द्यावी लागते.

देशावर हे चालत नाही. इथे भरती नाही. नदी आठ महिने पात्राच्या मध्यावर कुठेतरी असते आणि पावसाळ्यात एका रात्रीत शेतात येते. पाण्याच्या कडेला काळ्या मातीचा चिखल. त्यात ट्रॅक्टर घातला तर नाव राहते बाजूला, ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. म्हणून इथे नाव कोरड्या जमिनीवरच उतरवावी लागते आणि पाण्यापर्यंत जमिनीवरूनच न्यावी लागते. सोलापूरच्या नावेला पोहण्याआधी जमिनीवर वावरायला शिकावं लागतं.

गाढव नावेत, नाव गाढवावर

या अडचणीवर सर्वांत जुना उपाय असा की नावच अशी करायची, जी जमिनीवर जड होणार नाही.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बॅबिलोनच्या नावांचं वर्णन केलंय. लवचीक लाकडाचा सांगाडा, बाहेरून कातडं, आकार ढालीसारखा गोल. व्यापारी माल भरायचे आणि सोबत एक गाढवही घ्यायचे. नदीच्या ओढीने खाली बॅबिलोनला यायचं, माल विकायचा, नावेचा सांगाडाही तिथेच विकून टाकायचा. मग कातडी गाढवावर लादायची आणि पायी घरी. प्रवाह इतका जोरदार की उलटं वल्हवत जाणं शक्यच नाही. आपल्या म्हणीची ही अडीच हजार वर्षांपूर्वीची आवृत्ती म्हणायला हरकत नाही : येताना नावेत गाढव, जाताना गाढवावर नाव.

हीच नाव आपल्या दख्खनमध्येही आहे. कन्नडमध्ये तिला हरिगोलू म्हणतात. विजयनगरला साधारण १५२० मध्ये आलेल्या डोमिंगो पाईश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवर लोक टोपलीसारख्या गोल, कातडं चढवलेल्या नावांतून नदी ओलांडताना पाहिले. पंधरा-वीस माणसं एका नावेत मावत, वेळ पडली तर घोडे-बैलही नेत. हंपीला फिरायला गेलेल्यांनी अशा नावेत बसून फोटो काढलेले असतील. पुढच्या वेळी नाव रिकामी झाल्यावर काय होतं तेही बघा. नावाडी ती उलटी करून अंगावर घेतो आणि कासवासारखा चालू लागतो. लहान हरिगोलाला गाडा लागत नाही. उतरवायचा प्रश्नच मिटला.

पण त्याची किंमत मोजावी लागते. कातडं कुजतं, बांबू सुटतो, गोल नाव प्रवाहात गरगर फिरते. तोफा, दारूगोळा, हजारोंची फौज तिच्यातून नेणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. हा फरक भीमेच्या काठी कसा भोवला, ते आता पाहू.

बादशहा आणि कोरडी नदी

मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी माचणूर आहे. तिथला किल्ला आणि सिद्धेश्वराचं देऊळ पाहायला लोक जातात. शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी होती. हिंदुस्थानचा कारभार त्या काळात आपल्या सोलापूर जिल्ह्यातून चालत होता, हे इथल्या कितीतरी मुलांना माहीत नसतं.

१६९९ मध्ये बादशहा मराठ्यांचे किल्ले स्वतः जिंकायला बाहेर पडला. सातारा झाला, १७०० च्या जूनमध्ये परळी झाली. मग पावसाळ्यात परतीची वाट. कृष्णा भरलेली. एवढ्या अफाट फौजेसाठी होड्या मोजक्याच, आणि त्यांत जागा मिळवायला सैनिकांची आपापसात मारामारी. कसेबसे पार होऊन ते माण नदीच्या काठी खवासपूरला थांबले. खवासपूर आज सांगोला तालुक्यात आहे. माणदेशची नदी, बहुतेक वर्ष कोरडी. छावणी पात्राच्या आजूबाजूला पसरली.

१७०० च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री डोंगरात पाऊस झाला आणि माणेला अचानक लोंढा आला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून मराठे आले असं वाटल्याने ब्याऐंशीच्या घरातला बादशहा घाईघाईने उठला, पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो पुढे आयुष्यभर लंगडला.

या गोष्टीत मला गंमत वाटत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत राज्यकर्त्याकडे हत्ती होते, तोफा होत्या, पण ऐन वेळी हव्या त्या जागी नाव आणून जमिनीवर ठेवणारी सोय नव्हती. कोरड्या मुलखात नाव ठेवायची कशाला, हा विचार तेव्हाही होता, आजही आहे.

अकलूजमार्गे आलेला इंग्रज

शंभर वर्षांनी याच मुलखातून दुसरी फौज गेली. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायला आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून निघाला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १५ एप्रिल १८०३ ला तो अकलूजला होता. तिथून निघून २० एप्रिलला पुण्यात पोचला.

वेलस्लीने एक गोष्ट आधीच हेरली होती. मराठ्यांची ताकद घोडदळात. पावसाळ्यात नद्या भरल्या की घोडदळ अडतं. मग आपल्याकडे नदी ओलांडायचं साधन असेल तर पावसाळा आपला. बाकीचे सेनापती दसऱ्यानंतर लढायचे. हा ऐन पावसाळ्यात लढायच्या तयारीला लागला, आणि नावा मिळवायला त्याने दोन वाटा धरल्या.

पहिली वाट युरोपातली. पाँटून म्हणजे सपाट तळाच्या होड्या. त्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की पूल तयार. प्रत्येक पाँटून स्वतःच्या गाडीवर, म्हणजे आजच्या भाषेत ट्रेलरवर. हे पाँटून मुंबईहून पनवेलमार्गे घाट चढून यायचे होते. पाऊस लागला, रस्त्यांचा राडा झाला, गाड्या मोडल्या. पाँटून कामाच्या वेळेला आलेच नाहीत.

दुसरी वाट इथलीच. त्याने टोपलीच्या नावा करायला सांगितल्या. साधारण १० फूट व्यास, सव्वादोन फूट खोली, वरून दुहेरी कातडं. विणणारे कारागीर इथलेच, बांबू-लाकूडही इथलंच. याच नावांच्या भरवशावर भरल्या नद्यांच्या मुलखात त्याने मोहीम चालवली.

शाळेच्या पुस्तकात २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई असते, तहाची कलमं असतात. पनवेलच्या वाटेवर मोडलेल्या गाड्या नसतात. मला त्या गाड्या महत्त्वाच्या वाटतात. पाँटून पाण्यावर उत्तम होता. त्याला हरवलं ते त्याच्याखालच्या चाकांनी आणि त्या चाकांखालच्या चिखलाने. नाव चांगली असून भागत नाही, तिचा जमिनीवरचा प्रवासही कोणीतरी विचारात घ्यावा लागतो.

पाणी सरकतं, काठ सरकतो

मग सोलापूर जिल्ह्यात नाव कायमची राहायला कधी आली? पंढरपूरला ती पिढ्यान् पिढ्या आहेच. चंद्रभागेतून वारकऱ्यांना पुंडलिकाकडे नेणारे कोळी बांधव आणि त्यांच्या होड्या यांच्याशिवाय ते वाळवंट डोळ्यांपुढे येत नाही. वरून पाणी सोडल्याची वर्दी आली की होड्या घाटाकडे वर ओढायच्या, हे काम तिथे अंगवळणी पडलेलं आहे.

पण संख्येने नावा वाढल्या त्या उजनीमुळे. माढा तालुक्यात भीमेवर १९६६ मध्ये पाया घातलेलं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पूर्ण भरलं की साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पाणी पसरलं. गावं उठली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि ज्यांनी आयुष्यात वल्हं धरलं नव्हतं अशा गावांच्या दारात अथांग पाणी आलं. मासेमारी आली, पलीकडच्या काठाला जायची होडी आली, नंतर रोहित पक्षी बघायला येणारे पर्यटक आले.

उजनीचं वैशिष्ट्य असं की तिचा काठ एका जागी राहत नाही. मुलूख सपाट असल्याने पाणी थोडं उतरलं तरी काठ खूप लांब जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, बुडालेल्या गावांचे अवशेष आणि पळसदेवचं देऊळ उघडं पडलं. त्या वर्षी होड्या भेगाळलेल्या जमिनीवर बसल्या होत्या, पाणी लांब चकाकत होतं. म्हणजे उजनीची होडीसुद्धा वर्षातून किमान दोनदा जमिनीवरची प्रवासी असते : पाणी उतरताना त्याच्यामागे, पाणी चढताना त्याच्यापुढे.

एक होडी कशी उतरली

करमाळा तालुक्यात पाण्याच्या कडेला मी एक नवी होडी उतरवताना पाहिली. फायबरची, पंधरा-सोळा फुटांची, वजन तीनशे किलोच्या आसपास. ट्रॅक्टरमागे एकाच आखाची छोटी ट्रॉली. सात-आठ जण होते, बहुतेक तरुण. एक साठीचे गृहस्थ, त्यांना सगळे मामा म्हणत होते. क्रेन नव्हती. मामांच्या मागे लागून मी प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत गेलो. ते नीट सांगतो, कारण यातलं जवळजवळ सगळं इतिहासात कुठे ना कुठे भेटतं.

पोरांनी ट्रॅक्टर थांबताच दोर सोडायला सुरुवात केली. मामा ओरडले, “थांबा रं! आदी चाकं बांधा, मग दोर सोडा. नाव कुटं पळून चालली न्हाई.”

तर पहिलं काम : जागा. चिखलापासून लांब, शक्य तितकी सपाट, खाली दगड नाही. उताराचं गणित असं. तीनशे किलोची होडी दहा अंशांच्या साध्या उतारावर असली, तरी सुमारे ५२ किलोच्या जोराने खाली ओढते. उतार तीस अंशांचा झाला की तोच जोर दीडशे किलो. डोळ्याला उतार किरकोळ दिसतो, नावेला दिसत नाही.

दुसरं : ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि ट्रॉली ट्रॅक्टरपासून अजिबात सोडायची नाही. हे का, ते बैलगाडी हाकलेल्यांना सांगावं लागत नाही. दोन चाकांच्या गाडीत वजन मागे गेलं की गाडी उलाळ होते, पुढचा भाग झटक्यात वर उसळतो. नाव मागून उतरते, म्हणजे वजन मागे जाणारच. हुक ट्रॅक्टरला असेल तर पुढचं टोक वर उडून कोणाच्या हनुवटीत बसत नाही.

तिसरं : नाव रिकामी करायची. इंजिन, बॅटरी, जाळी, पेट्रोलचा कॅन, सगळं खाली. तळात साठलेलं पावसाचं पाणीसुद्धा. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, आणि ते नाव कलली की त्याच बाजूला धावतं.

मग मामांनी दोन दोर लावले. एक नावेच्या मागच्या टोकापासून काठावरच्या बाभळीला. दुसरा पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, ट्रॉलीच्या लोखंडी खांबाला, पण गाठ न मारता दोन वेढे देऊन. दोराचं टोक एका पोराच्या हातात. हे वेढे ही या सगळ्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट. घर्षण बेताचं धरलं तरी खांबाला दिलेला एक पूर्ण वेढा हाताचा जोर साधारण सहापट करतो, दोन वेढे चाळीसपट. म्हणजे दहा किलोच्या पकडीने चारशे किलो थोपवता येतं. अठराव्या शतकात ऑयलरने याचं गणित मांडलं. आपले शेतकरी खुंट्याला दोन वेढे देऊन उधळलेला बैल धरतात तेव्हा हेच गणित करतात.

खाली जुने टायर रचले, ट्रॉलीच्या उंचीला जवळजवळ लागतील इतके. सर्वांत वर पोत्यात भरलेला भुसा. आता फक्त चाकांपुढचे दगड काढले, आणि ट्रॅक्टर गोगलगायीसारखा पुढे निघाला. नाव बाभळीला बांधलेली, त्यामुळे ती जागेवरच राहिली आणि तिच्याखालून ट्रॉली निसटत गेली. नाव ढकलायचीच नसते, गाडी काढून घ्यायची असते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नाळेकडचा पोरगा वेढे सैल करत दोर देत गेला. मागचं टोक टायरांवर टेकलं. ट्रॉलीवर शेवटचे दोन-अडीच फूट उरले तेव्हा मामांनी ट्रॅक्टर थांबवला, चाकांना पुन्हा दगड लावायला लावले, आणि नाळेखाली टायरांची दुसरी थप्पी रचली. मगच ट्रॉली पूर्ण निघाली.

नाव आता दोन थप्प्यांवर, जमिनीपासून फूटभर नव्हे, चांगली दोन-अडीच फूट उंच. इथे पोरं म्हणाली, “मामा, उचलून ठेवू की आता!” मामांनी मान हलवली. एका वेळी एकच टोक. एक टोक टेकलेलं असताना दुसरं उचललं तर निम्मंच वजन हातावर येतं. चौघांत दीडशे किलो, म्हणजे प्रत्येकी चाळीसपेक्षाही कमी. पहारीने टोक जरा उचलायचं, एक टायर काढायचा, टेकवायचं. मग दुसरं टोक. असं आळीपाळीने. टायर हाताने ओढायचा नाही, काठीने किंवा दोराने. “नावेखाली हात जाता कामा नये. गेलाच तर टायर आत असताना, टायर काढताना नाही,” हे त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलंय.

आणि उभं कुठे राहायचं? उताराच्या खालच्या बाजूला कोणी नाही. नाव आणि झाड यांच्यामध्ये कोणी नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी नाही. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की चाबकासारखा उलटतो. काथ्याचा दोर तुटताना निदान कुरकुरतो. व्हिडिओ काढणारा एक जण बरोब्बर त्या रेषेत उभा होता. मामांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि हुकूम एकच जण देईल, बाकीच्यांनी फक्त ‘थांब’ एवढंच ओरडायचं, असं बजावलं. थांब म्हणायचा हक्क मात्र सगळ्यांना.

पुढे पाण्यापर्यंत नाव गोल पाइपांवरून गेली. मागून निघालेला पाइप उचलून पुढे टाकायचा. चिखल लागला तिथे पाइप रुतले, मग फळ्या. १४५३ च्या एप्रिलमध्ये सुलतान दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सुमारे सत्तर जहाजं चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून डोंगरापलीकडे नेऊन खाडीत उतरवली, ती याच पद्धतीने. त्याहीपूर्वी, जवळपास ३८०० वर्षांमागे, इजिप्तमधल्या जेहुतीहोतेपच्या थडग्यात एक चित्र काढलं गेलं. प्रचंड पुतळा घसरगाडीवर, ओढणाऱ्यांच्या रांगा आणि गाडीपुढच्या वाळूत पाणी ओतणारा एक माणूस. बरीच वर्षं अभ्यासक तो पूजाविधी समजत. २०१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वाळू योग्य तेवढी ओली केली तर ओढायचा जोर निम्म्यावर येतो. जास्त ओली केली तर पुन्हा वाढतो. मामांचा एक नातू पुढे जाऊन जमिनीवर तांब्याने पाणी शिंपत होताच. त्याला इजिप्त माहीत नव्हतं. त्याला ती माती माहीत होती.

नाव आहे, उतरवणारे आहेत का?

हे सगळं जुनं, हौशी माणसाचं कुतूहल म्हणून सोडून देता आलं असतं. पण २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा गेले, त्यांत दोन लहान मुलं. शोधासाठी एनडीआरएफची पथकं आली. ती पाण्यातून येत नाहीत. त्यांच्या पाचव्या बटालियनचा तळ पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. बोटी ट्रकमधून येतात, काठावर उतरतात, मग पाण्यात जातात.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर सीना नदीने दाखवून दिलं की कोरडा मुलूख हा शब्द किती फसवा आहे. माढा, मोहोळ, करमाळा, सोलापूर या भागांत पाणी शिरलं. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. अडकलेल्यांना बोटींनी काढलं, काही ठिकाणी हेलिकॉप्टर लागलं. माणेच्या काठी बादशहाला जे कळलं तेच सीनेच्या काठी पुन्हा कळलं : नदी कोरडी असते ती पुढच्या पावसापर्यंतच.

या बचाव पथकांच्या बोटी रबराच्या, हवा भरायच्या. हवा काढली की घडी करून ट्रकात. बॅबिलोनच्या व्यापाऱ्याने गाढवावर टाकलेल्या कातड्याची ही पणतीच. चार-सहा जण ती उचलून शेतातून नेऊ शकतात. पण त्या येईपर्यंत जे तास जातात त्यांत गावाला आधार असतो तो मासेमारांच्या जड होड्यांचा. धरणातली होडी पुराच्या गावात न्यायची तर ट्रॉलीवर चढवावी लागते आणि तिथे, रात्री, पावसात, गुडघाभर चिखलात, रडारड चालू असताना उतरवावी लागते. क्रेन तिथवर पोचत नाही. त्या वेळी घाई करायला सगळी कारणं हजर असतात.

अशा वेळी बातमीत ‘बोट दाखल’ एवढेच दोन शब्द येतात. बोट मिळवण्यासाठी निवेदनं दिली जातात, ती आल्यावर नारळ फुटतो, फोटो निघतो. ती वर्षभर ट्रॉलीवर उभी राहते, टायरची हवा जाते, दोर उन्हाने कुजतो. गावातल्या आठ जणांनी वर्षातून एकदा, कोरड्या दिवशी, ती खाली उतरवून पुन्हा चढवून पाहावी, एवढंच माझं म्हणणं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, ज्या दिवशी बैलगाडीच्या चाकाला वंगण घालतात किंवा ट्रॅक्टरचं ऑइल बदलतात, त्याच दिवशी. खर्च दोन दोर, दहा जुने टायर आणि एक सकाळ.

तुमचं गाव नदीकाठी असेल, आणि असं काही करायचं ठरलं, तर मोबाइल जरूर काढा. मामांसारखी माणसं काय काय करतात ते रेकॉर्ड करून ठेवा, कारण ते कुठल्याही बखरीत नाही. फक्त ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नका.